कुंदाताईंची खिडकी

कुंदाताई सबनीसांनी मला आयुष्यात ऐकवलेला पहिला शब्द म्हणजे "उसवा". ओळख नाही, पाळख नाही. अबुधाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीच्या एका क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये मी बसले होते. तापाने फणफणलेला लेक शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, आणि मी वेळ जावा म्हणून क्रोशाची टोपी विणत होते. पलीकडच्या खुर्चीवर एक ठेंगण्या, चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी मान जरा वाकडी केली, माझ्या टोपीकडे पाहिलं आणि शुद्ध मराठीत सांगितलं, सातव्या ओळीत खांबाचा एक टाका कमी पडलाय, उसवा. मी म्हटलं, चालतंय हो, कोणाला कळणार आहे. तर म्हणाल्या, "मला कळलं की."

आता अशा बाईला काय बोलायचं? आधी मला रागच आला. पण नंबर लागायला अजून पाऊण तास होता आणि त्या काही नजर हटवत नव्हत्या. शेवटी उसवली मी टोपी, सातव्या ओळीपर्यंत. तेव्हा कुठे त्या हसल्या आणि घरी चहाला बोलावलं. पत्ता सांगितला तो असा: मशिदीमागची तिसरी गल्ली, दारात कढीपत्त्याचं झाड आहे तो व्हिला, त्यातलं मागचं दार.

त्या मागच्या दाराने मी पुढे नऊ वर्षं ये-जा केली.

कुंदाताईंच्या प्रत्येक कुर्त्याला डावीकडे एक मोठा खिसा असायचा, त्यांनी स्वतः शिवून घातलेला. खिशात लोकरीचा गुंडा, हातात सुई, आणि मधला धागा कायम चालू. सुपरमार्केटच्या रांगेत, बँकेत, सिग्नलला गाडी थांबली की गाडीत. सबनीस साहेब पाइपलाइनवाल्या एका कंपनीत इंजिनियर, मितभाषी माणूस. ते म्हणायचे, आमच्या हिच्याबरोबर कुठे गेलं की परत यायचा रस्ता चुकत नाही, दोरा पडलेलाच असतो. एकदा व्हिसाच्या मेडिकलला त्या हॉलमध्ये गुंडा खिशातून निसटला आणि शंभरेक माणसांच्या पायांतून घरंगळत पार टोकाला गेला. तिथल्या एका दाढीवाल्या पठाण ड्रायव्हरने तो उचलला, आणि धागा तोडायचा नाही हे त्याला न सांगता कळलं. गुंडाळत गुंडाळत, लोकांना "भाईसाब, पैर" म्हणत तो ह्यांच्यापर्यंत येऊन पोचला. त्या दिवसापासून कुंदाताईंनी त्याच्या बायकोसाठी पेशावरला दर हिवाळ्यात एक शाल पाठवली. नाव विचारायचं मात्र त्यांना पहिल्या वर्षी सुचलंच नव्हतं, शाल "गुंडेवाले भाई" नावानेच गेली.

वाळवंटात लोकर कोण घालतं, असं भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. अहो, इथे बाहेर शेहेचाळीस आणि ऑफिसात अठरा. मुसफ्फाच्या माझ्या ऑफिसात मी प्रोक्युरमेंटला आहे, तिथल्या निम्म्या खुर्च्यांच्या पाठीवर कुंदाताईंच्या शाली. आमचा लेबनीज मॅनेजरसुद्धा मीटिंगला गुडघ्यांवर त्यांची चौकड्यांची शाल पांघरून बसायचा आणि वर आम्हालाच "यल्ला, यल्ला", म्हणजे उरका लवकर, करायचा.

शनिवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सहा जणी जमायचो. आधी शुक्रवारी जमायचो, मग सरकारने सुट्टी बदलली तसे आम्हीही बदललो. त्यांचे नियम कडक. यूट्यूब बघून केलेलं काही आणायचं नाही, कारण ते यूट्यूबचं, तुमचं नाही. आणि काहीही सुरू करण्याआधी नमुना. वीतभर तुकडा विणून दाखवायचा, त्या तो पट्टीने मोजणार, मग किती टाके घालायचे ते सांगणार. कारण वीस टाके म्हणजे वीस टाके नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. माझे वीस, आमच्यातल्या वैशालीचे वीस आणि त्यांचे वीस यांची लांबी कधी एक यायची नाही. कोणाचा हात सैल, कोणाचा घट्ट. नमुन्याशिवाय सुई धरलेली त्यांना दिसली की संपलंच. "हात खोटं बोलत नाही," हे त्यांचं वाक्य, आणि नमुना बघून त्या ज्या काय गोष्टी सांगायच्या, ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी लागायची. वैशालीला एकदा म्हणाल्या, अगं किती आवळतेस, नवऱ्याशी भांडण झालंय का? झालं होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा: या महिन्याची थीम. 'खजूर'. 'पार्किंग'. 'डिसेंबरातलं धुकं'. महिनाभरात त्यावर काहीतरी विणून आणायचं, हे चॅलेंज. आम्ही आपल्या बाळबोध, खजुराच्या थीमला खजुराचं झाड विणणाऱ्या. 'जुलै' ही थीम दिली तेव्हा सगळ्यांनी पिवळे सूर्य आणले, मी तर कलिंगडाची फोड आणली होती. कुंदाताईंनी आणला एक पांढराशुभ्र चौकोन. नुसता पांढरा. नीट पाहिलं तर त्यात पांढऱ्याच धाग्याने रस्ता, इमारती, एक माणूस, सगळं होतं. म्हणाल्या, जुलैत दुपारी दोन वाजता बाहेर पडून बघा, रंग उरतो का एक तरी. आमची कलिंगडं आम्ही गुपचूप पिशवीत टाकली.

पण या बाईच्या हातच्या कामाचं पुढे काय व्हायचं, ते सांगायला मला लाज वाटते. तरी सांगते. लोक प्रेमाने घ्यायचे आणि हाल हाल करायचे. टेबलावर घालायचा गोल रुमाल कोणाच्या घरी लोणच्याच्या बरणीखाली, कोणाच्या घरी शू रॅकवर. बाळाचं ब्लँकेट मशीनला टाकून बाहुलीच्या मापाचं झालेलं. आणि माझ्याच घरी, त्यांनी चार महिने खपून केलेला राखाडी स्वेटर मी गरम पाण्यात घातला. फोटो पाठवून माफी मागितली. त्या आल्या, तो आखडलेला गोळा खिशात टाकून घेऊन गेल्या. पुढच्या शनिवारी तो किटलीवर घालायची टोपी होऊन परत आला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आजही चहा त्याच टोपीखाली ठेवते आणि ती हाताने धुते, गार पाण्यात.

त्यांच्या जुन्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यात 'हाउसवाइफ' होतं आणि पुढे होतं, काम करण्याची परवानगी नाही. तो पासपोर्ट त्यांनी स्वयंपाकघराच्या खणात ठेवलेला. भांडी साठली की सबनीस साहेबांना दाखवायच्या. बघा, सरकारनेच लिहून दिलंय. आम्ही हसून हसून दमायचो. त्यामागे काही दुखत असेल असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग गेल्या वर्षी सबनीस साहेबांची नोकरी संपली. वयच झालं होतं. त्यांचा व्हिसा रद्द होणार म्हणजे आपोआप कुंदाताईंचाही. एकतीस वर्षांचं घर दोन महिन्यांत गुंडाळून नाशिकला जायचं. कुंदाताईंनी हे आम्हाला सांगितलं ते पार्किंगमध्ये पिशव्या गाडीत टाकताना, जाता जाता, कोथिंबीर महाग झाली म्हणावं तसं. मी रडायला लागले तर मलाच दटावलं, आणि म्हणाल्या, रडू नकोस, त्यापेक्षा मला ते काचेचं म्युझियम दाखव. दुबईला अल कूझमध्ये जुन्या गोदामात कोणीतरी काचकलेचं म्युझियम उभं केल्याचं त्यांनी ऐकलं होतं.

पुढच्याच शनिवारी दोन गाड्या करून गेलो. आमच्यातली सगळ्यात लहान रेवा. जन्म इथलाच, शिक्षण इथलंच, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरीला, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. ती तिकडून परस्पर आली. आत भट्टी होती आणि एक सीरियन कारागीर लांब नळीने काच फुगवून दाखवत होता. कुंदाताई कठड्याला चिकटून उभ्या. तीन वेळा तेच प्रात्यक्षिक पाहिलं. तिसऱ्या वेळी सुरई करताना गळ्याशी काही चुकलं, आणि त्याने ती सरळ शेजारच्या बादलीत सोडली. तडकल्याचा आवाज आला. "खलास," तो खांदे उडवून म्हणाला. कुंदाताईंचा चेहरा पडला.  मग मला म्हणाल्या, "बिचाऱ्याला उसवता येत नाही गं."

दुकानात एक फुलदाणी साडेआठशे दिरहॅमची. म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये, असं वैशाली मोठ्याने म्हणाली आणि आम्ही सगळ्या एक पाऊल मागे सरलो. पण कुंदाताई तिथे नव्हत्याच. त्या आत एका जुन्या खिडकीसमोर होत्या. रंगीत काचांचे चोवीस तुकडे, निळे, मधाळ पिवळे, डाळिंबी, आणि मध्ये शिशाच्या काळ्या पट्ट्या. समोर दोर बांधलेला आणि पाटी: हात लावू नका. माझा अंदाज, अर्धा तास तरी त्या तिथे होत्या. येणारे लोक दोराशी थांबत होते, हात मागे घेत होते, हळू आवाजात बोलत होते. कुंदाताई खिडकी कमी आणि त्या लोकांना जास्त बघत होत्या.

"बघ कसे लांब उभे राहतात," त्या म्हणाल्या. "लोकरीला नाही कोणी अशी पाटी लावत."

मला माझा राखाडी स्वेटर आठवला आणि मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

बाहेर पडताना दाराशी एक बोर्ड दिसला. म्युझियम प्रदर्शन भरवणार होतं. विषय काच, पण काच वापरायची नाही, बाकी कुठलंही माध्यम चालेल. निवडलेली कामं महिनाभर आत लावणार. मुदत साडेचार आठवड्यांची. रेवाने फोटो काढला. कुंदाताईंनी तो बोर्ड दोनदा वाचला आणि तिथेच जाहीर केलं की या महिन्याची थीम 'काच'.

त्या रात्रीतच आराखडा तयार झाला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज. खिडकी करायची. चोवीस तुकडे, सहा जणींना प्रत्येकी चार. बारीक सुती धागा, जाळीची वीण, म्हणजे उजेड आरपार जाईल. साठ खांब रुंदी, तीस ओळी उंची. रंग त्या देणार, जोडणार त्या. दुपारी सगळ्या धागे न्यायला जमलो तेव्हा रेवाने विचारलं, फॉर्मवर ग्रुपचं नाव काय टाकायचं.

"ग्रुपचं नाही," कुंदाताई म्हणाल्या. "माझं."

 रेवा ही पोर मनात काही ठेवत नाही. ती म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर, काकू."

कुंदाताईंनी हातातला धागा खाली ठेवला. त्यांचे हात रिकामे मी तोपर्यंत फारसे पाहिले नव्हते. "नसेल फेअर. चित्र माझं, रंग माझे, टाके तुम्हाला मी शिकवलेले. एकतीस वर्षं या देशात आहे. माझ्या नावाचा एक कागद दाखवा मला, ज्यावर सबनीसांचं नाव नाही. मी काही वाईट म्हणत नाही, त्यांनी मला कधी काही कमी केलं नाही. पण जायच्या आधी मला एक पाटी हवीय. नुसत्या माझ्या नावाची."

कबूल करते, मला ते आवडलं नाही. परतताना गाडीत मी वैशालीला म्हटलंसुद्धा, आपण काय मजूर आहोत काय? आपल्यात कसं असतं, बाईने काही केलं की "छे हो, सगळ्यांनी मिळून केलं" असं म्हणायचं. स्वतःसाठी नाव मागून घेणं आमच्या सवयीचं नव्हतं. पण धागा मात्र आम्ही सगळ्यांनी नेला.

दोन आठवड्यांनी चोवीस तुकडे त्यांच्या हॉलमधल्या गालिच्यावर मांडले. घर निम्मं बांधून झालेलं, भिंतीला खोके, सोफा विकून टाकलेला. कुंदाताई एकेक तुकडा शेजारी शेजारी ठेवायला लागल्या आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा हात थांबला.

तुकडे जुळत नव्हते. साठ खांब प्रत्येकीने मोजून घातले होते, तीस ओळी मोजून केल्या होत्या. पण वैशालीचे तुकडे पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे आणि माझे वहीच्या पानाएवढे. बाकीच्यांचे मधले, कुठल्याच दोघींचे सारखे नाहीत. आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. नमुना. या वेळी कुंदाताईंनी नमुना मागितलाच नव्हता. नऊ वर्षांत साध्या टोपीच्या बाबतीतसुद्धा जी चूक त्यांनी कोणाला करू दिली नाही, ती स्वतः केली होती. साठ खांब म्हणाल्या, स्वतःच्या हाताचे साठ. आम्हीही मुकाट्याने घातले, कारण त्या सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

 त्या गुडघ्यांवर बसून तुकडे हातात घेत होत्या आणि न विचारता ओळखत होत्या. हे वैशालीचं. ही रेवा, घाईत. "ही शुभदा. हिचा हात सैल. पोराच्या बाबतीतही सैल." शुभदा म्हणजे मी, एरवी फणकारले असते. त्या दिवशी मी पुढचा तुकडा त्यांच्या हातात दिला.

वैशालीने विचारलं, उसवायचे का? अठरा दिवस होते. पुन्हा चोवीस करायचे तर नमुने, मोजणी, दोन आठवडे नुसते विणायलाच, आणि त्यांना तर घर आवरून द्यायचं होतं. आम्ही सगळ्या त्या एका शब्दाची वाट बघत उभ्या होतो. नऊ वर्षं तो ऐकला होता, तेव्हाही ऐकला असता आणि निमूट उसवलं असतं. पण त्यांनी तो उच्चारला नाही. तुकडे गोळा केले आणि रेवाला म्हणाल्या, "द्यायचंच असेल तर ग्रुपचं नाव घाल. जी बाई नमुना मागायला विसरली तिने पाटी मागू नये."

घरी येऊन मी नवऱ्यावर, लेकावर, सगळ्यांवर चिडले. खरं तर माझ्यावरच चिडले होते. मजूर काय, म्हणे. त्या बाईला जे हवं होतं ते मागायला तिला एकतीस वर्षं लागली होती, आणि मागितल्यावर आम्ही तोंडं वाकडी केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कुंदाताईंचा फोन. ये, एवढंच. मी गेले तर हॉलमध्ये सगळे तुकडे पुन्हा मांडलेले, पण वेगळे. एका आडव्या ओळीत एकीचेच चार. सगळ्यात खाली माझी ओळ, मोठ्या तुकड्यांची. मग रेवाची, मग इतरांची, आणि सगळ्यात वर वैशालीचे इवले इवले. मधल्या जागा खाली बोटभर, वर जाता जाता चार बोटं. त्या जागांवर त्यांनी काळ्या धाग्याच्या पट्ट्या ठेवून पाहिल्या होत्या. मोबाइलवर म्युझियमच्या खिडकीचा फोटो मोठा करून मला दाखवला.

"आपण नीट बघितलंच नाही. ह्यातल्या दोन काचा तरी एका मापाच्या आहेत का बघ. तोंडाने फुगवलेली काच, कशी असणार? शिसं सांभाळून घेतंय सगळ्यांना."

आणि मग त्या पट्ट्या त्यांनी केल्या. एकट्याने. मी करू का म्हटलं तर नको म्हणाल्या, पट्टी एकाच हाताची हवी. सोळा दिवस खोक्यावर बसून, एकीकडे मूव्हर्सवाले सामान नेताहेत, एकीकडे इलेक्ट्रिसिटीचं कनेक्शन बंद करायचे फोन, आणि ह्यांची सुई चालू. काळ्यावर काळं विणायचं म्हणजे डोळ्यांचं पाणी निघतं, ज्यांनी केलंय त्यांना विचारा. सबनीस साहेबांनी घरातलं सगळं विकलं पण उभा दिवा शेवटपर्यंत ठेवला. खोक्याशेजारी तो दिवा आणि दर दोन तासांनी त्यांच्या हातचा चहा. भांडीही तेच घासत होते, पासपोर्ट न दाखवता.

खिडकी पूर्ण झाली त्या दिवशी रेवा फोटो काढायला आणि फॉर्म भरायला आली. आम्ही ती उचलून दाराच्या चौकटीत धरली. मागून ऊन आलं. सांगते तुम्हाला, माझे ते बेढब, सैल तुकडे तळाला असे बसले होते जसं काही खिडकीला तिथे रुंदपणाच हवा होता.  कुंदाताई हात धुवायला आत गेल्या. रेवाने लॅपटॉपवरून मान वर केली आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "आर्टिस्टचं नाव काय टाकू?"

मीच म्हटलं, "कुंदा सबनीस. आणि आपली खाली, बारीक अक्षरात." वैशाली म्हणाली, बारीक म्हणजे चांगलं बारीक. आणि सबमिट केलं. कुंदाताईंना कोणी काही सांगितलं नाही.

निवड झाल्याची ईमेल आली तीही रेवाकडे. उद्घाटन शुक्रवारी संध्याकाळी, आणि त्यांचं विमान रविवारी सकाळी. त्या साडी नेसून आल्या, मोतिया रंगाची. साडीला खिसा कुठला? नऊ वर्षांत पहिल्यांदा कुंदाताईंना धाग्याशिवाय चालताना बघितलं.

म्युझियमवाल्यांनी खिडकी कॉरिडॉरच्या टोकाला, खऱ्या काचेच्या भिंतीपुढे टांगली होती. जाळीतून उजेड येत होता आणि काळ्या पट्ट्या ठसठशीत दिसत होत्या. समोर दोर. बाजूला पाटी, वर इंग्रजी, खाली अरबी. कुंदाताई पाटीजवळ गेल्या, चष्मा वर केला आणि तशाच उभ्या राहिल्या. वर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव आणि पुढे अबुधाबी. दोन दिवसांनी ज्या गावात राहायचा हक्क उरणार नव्हता त्या गावाचं नाव, त्यांच्या नावाशेजारी, महिनाभर राहणार होतं.

त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, ओरडणार. पण त्या रेवाला म्हणाल्या, ते खालचं वाच. रेवाने शाळेत अरबी घेतलेलं, तिने उजवीकडून वाचलं. कुंदा सबनीस, अबुधाबी. पुन्हा वाच म्हणाल्या. तिने पुन्हा वाचलं.

सबनीस साहेब मागे उभे होते. त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत नीट तपासली, ड्रॉइंग तपासावं तशी, आणि मला हळूच विचारलं, "माझं नाव नाही ना कुठे?" मी म्हटलं, नाही. "छान झालं," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला इतका अभिमान वाटत होता की काय करावं कळेना. त्या बाईंचा तर होताच, पण आमचाही, माझ्या सैल हाताचासुद्धा.

लोक यायला लागले. एक अरबी जोडपं, दोन युरोपियन बायका, शाळेची पोरं. दोराशी थांबत होते, वाकून बघत होते, कुजबुजत होते. कुंदाताई बाजूला उभ्या राहून त्यांना बघत होत्या. थोडी गर्दी ओसरली तशा पुढे झाल्या. मला लगेच कळलं त्यांना काय दिसलंय ते. तळाच्या ओळीत एका तुकड्याच्या कोपऱ्याला धाग्याचा शेंडा बाहेर आला होता, अर्ध्या बोटाएवढा. माझ्याच तुकड्याचा, अर्थात. त्यांनी दोरावरून वाकून हात लांब केला.

"मॅडम, हाथ मत लगाइए."

सिक्युरिटीवाली नेपाळी बाई झटकन पुढे आली होती. रेवा तिला सांगायला धावली की ह्याच त्या, पाटीवरच्या. पण कुंदाताईंनी तिला थांबवलं. हात अजून हवेत होता. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं, तसा आनंद त्यांच्या तोंडावर मी त्याआधी पाहिला नव्हता.

"बिलकुल बरोबर," त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या. "किसी को भी मत लगाने देना. मुझे भी नहीं."

मग त्यांनी तो शेंडा तसाच सोडला, शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि दोराच्या अलीकडे एक पाऊल मागे येऊन उभ्या राहिल्या.